जॉन मिल्टन : स्वकीयांच्या राज्यातील परीक्षा

‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचा कर्ता अंध कवी जॉन मिल्टन आमच्या वाचकांना निदान नावाने तरी परिचित आहे. आदाम व हव्वा यांच्या पतनाचा धडा घेताना शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना त्याच्या काव्याची आठवण होते. परंतु हे काव्य पुरे करण्यापूर्वी मिल्टनने आपल्या ऐन उमेदीची सुमारे वीस वर्षे राज्यक्रांतीच्या वादात घालविली, आणि त्यांतील जवळजवळ अकरा वर्षे तो क्रांतीतून निघालेल्या सरकारचा पगारी सेवक होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

ते सरकार पवित्र शास्त्र वाचणाऱ्या, उपास व प्रार्थना करणाऱ्या माणसांचे होते. राजाचा जुलूम मोडून ते उभे राहिले होते. आणि थोड्याच अवधीत त्याचेच मित्र विचारू लागले, की हे सरकारही जुलमी होत चालले आहे काय? ‘एकाधिकारशाही’ हा शब्द आपल्या काळातला. विसाव्या शतकातील सत्ताधीशांच्या हाती जी साधने आली ती तेव्हा कोणाच्याच हाती नव्हती, म्हणून दोन्ही गोष्टी सारख्याच असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्नाचे मूळ एकच आहे, आणि एका देवभीरू व विद्वान माणसाला तो कसा सोसावा लागला हे मिल्टनच्या चरित्रात स्पष्ट दिसते. म्हणून हे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहो.

धर्मोपदेशक व्हायचे राहिले

मिल्टनचा जन्म ९ डिसेंबर १६०८ रोजी लंडन शहरातील ब्रेड स्ट्रीट येथे झाला. त्याचे वडील दस्तऐवज लिहिण्याचा व सावकारीचा धंदा करीत आणि संगीताचे मोठे जाणकार होते. आजोबा कट्टर रोमन कॅथोलिक. मुलाने प्रॉटेस्टंट मत धरले म्हणून त्यांनी त्याला वारशातून काढून टाकले होते. विवेकबुद्धीसाठी घरदार सोडावे लागते, हे मिल्टनला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते त्याच्या घरातच घडले होते.

सेंट पॉल्स शाळेत व पुढे केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात तो शिकला आणि १६३२ मध्ये एम. ए. झाला. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु त्या वेळी राजा पहिला चार्ल्स व आर्चबिशप लॉड यांचा अंमल होता. उपासनेचा प्रत्येक विधी वरून ठरे आणि विरोध करणाऱ्यांना स्टार चेंबर नावाच्या न्यायासनापुढे उभे करून चाबूक, तुरुंग, कान कापणे अशा शिक्षा होत. अशा मंडळीत शपथ घेऊन सेवा करणे मिल्टनच्या मनाला पटेना. त्याने तो मार्ग सोडला व अभ्यास आणि कविता यांकडे लक्ष दिले.

१६३८ मध्ये तो इटलीला गेला. तेथे त्याने वृद्ध गॅलिलिओची भेट घेतली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे म्हटल्यावरून त्या ज्योतिर्विदाला धर्मन्यायालयाने नजरकैदेत ठेवले होते. ही भेट मिल्टन कधीच विसरला नाही. इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांचा तंटा पेटल्याचे ऐकून तो प्रवास आवरता घेऊन परतला. १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. मिल्टनने हाती लेखणी धरली आणि पार्लमेंटचा पक्ष घेतला.

परवान्याविरुद्धचे पुस्तक

१६४१ मध्ये पार्लमेंटने स्टार चेंबर रद्द केले, तेव्हा ग्रंथ छापण्यावरील राजाची पकडही गेली. लोक मोकळेपणाने लिहू लागले. पण दोनच वर्षांनी, जून १६४३ मध्ये, त्याच पार्लमेंटने हुकूम काढला, की सरकारी तपासनिसाच्या परवान्यावाचून कोणतेही पुस्तक छापता कामा नये. माणसे बदलली, कुलूप तेच राहिले.

त्याच सुमारास मिल्टनने घटस्फोटासंबंधी एक पुस्तक परवान्यावाचून छापले होते. त्यातील मते पुष्कळांना रुचली नाहीत. पार्लमेंटपुढे उपदेश करताना एका पाळकाने ते पुस्तक जाळण्यास योग्य आहे असे सांगितले. हे सांगणारे बिशपांच्या पक्षाचे नव्हते. काल बिशपांनी ज्यांची तोंडे बंद केली होती, त्यांच्यापैकीच ते होते.

नोव्हेंबर १६४४ मध्ये मिल्टनने ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ हे पुस्तक काढले, तेही परवान्यावाचून. पार्लमेंटपुढे केलेल्या भाषणाच्या रूपात ते लिहिलेले आहे. अथेन्समधील ज्या अरीयपगाचे नाव त्याला दिले, तेथेच पौलाने न ओळखलेल्या देवाविषयी उपदेश केला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायावरून वाचकांना आठवेल. पुस्तकाचा आशय असा, की सत्य दुबळे नाही. त्याला परवान्याचे कुंपण नको. खोटे मत त्याच्यासमोर उघड्यावर आले तर सत्यच जिंकेल. चांगले पुस्तक छापण्यापूर्वीच मारणे हे माणूस मारण्याहून कमी पाप नव्हे. मोह पाहिलाच नाही असा सद्‍गुण खरा सद्‍गुण नव्हे. गॅलिलिओच्या भेटीचीही त्याने तेथे आठवण दिली.

पार्लमेंटने हुकूम मागे घेतला नाही. येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रोमन कॅथोलिकांना हे स्वातंत्र्य द्यावे असे मिल्टनने म्हटले नाही. त्यांना त्याने स्पष्टपणे वगळले. ज्यांची आपल्याला भीती वाटते त्यांच्यापाशी येऊन आपले तत्त्व थांबते, हा दोष त्याच्यातही होता.

नव्या सरकारची चाकरी

डिसेंबर १६४८ मध्ये सैन्याने पार्लमेंटच्या दाराशी पहारा बसवून शंभराहून अधिक सभासदांना आत येऊ दिले नाही. उरलेल्यांनी राजावर खटला उभा केला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. दोन आठवड्यांच्या आत मिल्टनचे पुस्तक बाहेर पडले. जुलमी राजाला जाब विचारण्याचा हक्क प्रजेला आहे, असे त्यात प्रतिपादन होते. मार्चमध्ये नव्या राज्य परिषदेने त्याला परराष्ट्रांशी लॅटिन भाषेत पत्रव्यवहार करण्यासाठी सचिव नेमले.

त्याच मार्च महिन्यात त्याच्यापुढे पहिली कसोटी आली. जॉन लिलबर्न नावाच्या गृहस्थाने ‘इंग्लंडच्या नव्या बेड्या’ अशा अर्थाच्या नावाचे पत्रक काढले. लिलबर्नला राजाच्या काळी, १६३८ मध्ये, बेकायदा पुस्तके आणल्याच्या आरोपावरून लंडनच्या रस्त्यांतून चाबकाचे फटके मारीत नेले होते. पुढे पार्लमेंटने त्याला सोडविले. त्याच्या सुटकेसाठी भाषण करणारा सभासद खुद्द ऑलिव्हर क्रॉमवेल होता. लिलबर्न पार्लमेंटच्या सैन्यात लढलाही. आता तोच माणूस म्हणत होता, की राजा गेला पण सत्ता काही थोड्या सेनापतींच्या व सभासदांच्या हाती गेली. नवी निवडणूक नाही, लिहिण्याची मोकळीक नाही, मग लोकांच्या पदरी काय पडले?

परिषदेने मिल्टनला या पत्रकावर अभिप्राय लिहिण्यास सांगितले. लिलबर्नला तर दोनच दिवसांनी पकडून तुरुंगात घातले. मिल्टनने आयर्लंडसंबंधी सांगितलेले लिहिले; मृत राजाच्या नावे निघालेल्या पुस्तकाला उत्तर देण्यास सांगितले, तेही लिहिले. लिलबर्नविरुद्ध मात्र त्याने काही प्रसिद्ध केले नाही. त्याचे कारण त्याने कोठे लिहून ठेवलेले नाही. पण लिलबर्नच्या बाजूनेही त्याने एक ओळ लिहिली नाही, हेही तितकेच खरे.

मे महिन्यात बर्फर्ड गावी लिलबर्नच्या मताच्या तीन सैनिकांना, बंड केले म्हणून, चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. सप्टेंबरमध्ये आयर्लंडातील द्रोएडा येथे क्रॉमवेलच्या सैन्याने मोठी कत्तल केली. त्याच महिन्यात छपाईवरील निर्बंधांचा नवा कडक कायदा झाला. ऑक्टोबरमध्ये लिलबर्नवर राजद्रोहाचा खटला चालला. पंचांनी त्याला निर्दोष ठरविले आणि लंडनच्या लोकांनी रस्तोरस्ती होळ्या पेटवून आनंद केला.

आणि १६५१ मध्ये पाहावे तो काय, सरकारच्या पक्षाच्या एका साप्ताहिक वार्तापत्रावर परवाना देणारा तपासनीस म्हणून खुद्द मिल्टनचेच नाव येऊ लागले! सात वर्षांपूर्वी परवान्याविरुद्ध लिहिलेला हात आता परवाने देत होता. वाचकांपैकी कोणी त्याला ढोंगी म्हणेल. आम्ही मात्र तसे म्हणण्यास कचरतो. वाईट गोष्ट चांगल्या माणसाच्या हाती असलेली बरी, असे म्हणत किती सज्जन माणसे अशा खुर्चीवर बसतात! १६५२ मध्ये त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणारे एक पुस्तक छापून निघाले व पार्लमेंटने ते जाळण्याचा हुकूम दिला. त्याला परवानगी कशी मिळाली याची चौकशी झाली, तेव्हा मिल्टनने आपला त्यात भाग असल्याचे कबूल केले आणि पुस्तके अडवू नयेत असे आपण पूर्वीच लिहिले आहे, तेच आपले मत आहे, असे सांगितल्याची नोंद एका परदेशी वकिलाने ठेवली आहे. तपासनिसाच्या खुर्चीतही जुना मिल्टन अगदीच मेला नव्हता.

अंधत्व आणि इशारा

१६५१ साली युरोपभर गाजलेला लॅटिन ग्रंथ लिहून त्याने राजवधाचे समर्थन केले. डोळे जातील असा वैद्यांनी इशारा दिला असताही त्याने तो पुरा केला. १६५२ च्या आरंभी तो पूर्ण आंधळा झाला. त्याच वर्षी त्याची पत्नी बाळंतपणानंतर वारली व पाठोपाठ एकुलता मुलगा गेला. घरात आईवाचून तीन लहान मुली उरल्या.

२० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने शिपाई आणून उरलेसुरले पार्लमेंटही बंद केले. डिसेंबरात तो ‘लॉर्ड प्रोटेक्टर’, म्हणजे राष्ट्ररक्षक, झाला. हे सरकार जुलमी होते काय? दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. पुष्कळ प्रॉटेस्टंट पंथांना पूर्वी कधी नव्हती इतकी उपासनेची मोकळीक त्याच्या अमलात मिळाली. साडेतीन शतकांहून अधिक काळ इंग्लंडातून हद्दपार असलेल्या यहूदी लोकांना १६५६ पासून लंडनमध्ये उपासना करू दिली गेली. १६५५ मध्ये आल्प्स पर्वतातील वाल्डेन्सीय प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, तेव्हा क्रॉमवेलने युरोपच्या राजांना निषेधाची पत्रे धाडली व पीडितांसाठी देशभर वर्गणी गोळा केली. ती पत्रे मिल्टनने लिहिली. १६५७ मध्ये राजमुकुट देऊ केला असता क्रॉमवेलने तो नाकारला. राजपक्षाचे कट खरोखरच चालू होते. भीती सगळी काल्पनिक नव्हती.

दुसऱ्या बाजूने पाहता, १६५५ मध्ये देशाचे दहा-अकरा भाग करून प्रत्येकावर एकेक सेनाधिकारी नेमला. त्याच वर्षी सरकारी वार्तापत्रांखेरीज बाकीची बंद केली. १६५३ मध्ये पंचांनी लिलबर्नला पुन्हा निर्दोष ठरविले, तरी त्याला सोडले नाही. तो १६५७ मध्ये वारला, तोवर त्याला खरी मोकळीक अशी मिळालीच नाही.

१६५४ मध्ये मिल्टनने दुसरा मोठा लॅटिन ग्रंथ काढला. त्यात क्रॉमवेलची भरपूर स्तुती आहे. पण स्तुतीच्या मागोमाग उपदेश येतो. ज्याने स्वातंत्र्य राखले तोच त्यावर घाला घालील तर त्याचे सर्व पराक्रम व्यर्थ ठरतील. धर्माच्या बाबतीत सत्तेने हात घालू नये. कायदे थोडे असावेत. लिहिणाऱ्यांना मोकळीक असावी, असे आंधळ्या सचिवाने राष्ट्ररक्षकाला जाहीरपणे बजावले. त्याच ग्रंथात त्याने आपला मित्र मेजर जनरल रॉबर्ट ओव्हर्टन याचा गौरव केला होता. वर्ष संपते न संपते तोच सरकारने ओव्हर्टनला कटाच्या संशयावरून पकडले आणि खटल्यावाचून चार वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले.

नाथान संदेष्टा दावीद राजापुढे गेला, तेव्हा दाखला सांगून झाल्यावर त्याने बोट सरळ राजाकडेच दाखविले. मिल्टनने दाखला सांगितला. बोट दाखविले नाही. १६५४ नंतर तो सरकारी पत्रे लिहीत राहिला, पण क्रॉमवेलच्या हयातीत पुन्हा असा उघड उपदेश त्याने छापला नाही. क्रॉमवेल ३ सप्टेंबर १६५८ रोजी वारला. पुढच्या वर्षी मिल्टनने दोन पुस्तके लिहून धर्माच्या बाबतीत सत्तेने जबरदस्ती करू नये व धर्मोपदेशकांना सरकारी कराचा पगार नको, असे ठासून सांगितले. त्यांतील एका ठिकाणी तो मागे गेलेल्या लाजिरवाण्या काळोखाचा उल्लेख करतो. तो क्रॉमवेलच्या साऱ्या राजवटीला उद्देशून आहे की काही दिवसांच्या लष्करी अंमलाला, यावर विद्वानांचा वाद अजून चालतो.

शेवटचा प्रयत्न

१६६० च्या आरंभी राजाला परत आणण्याचे वारे वाहू लागले. लोक लष्कराला व करांना कंटाळले होते. अशा वेळी, जिवाला धोका असताना, मिल्टनने राजसत्तेविरुद्ध शेवटचे पुस्तक लिहिले. इस्राएल लोकांनी शमुवेलाकडे राजा मागितला आणि देवाने त्यांना राजाच्या जाचाची सूचना आधीच दिली, तो प्रसंग त्याने आपल्या देशबांधवांच्या डोळ्यांपुढे ठेवला. धैर्याबद्दल त्याला तोड नाही. पण त्याने सुचविलेला उपाय कोणता? एकदा निवडलेले मोठे मंडळ कायमचे राहावे. आणि बहुसंख्य लोक गुलामी पत्करू लागले तर स्वातंत्र्य टिकविण्यासाठी थोड्यांनी पुष्कळांवर जबरदस्ती करणे न्याय्य आहे! लोकांच्या भल्यासाठी लोकांना न विचारता राज्य करण्याचा हाच युक्तिवाद पुढे कितीतरी क्रांत्यांनी केला. स्वातंत्र्याच्या एवढ्या मोठ्या भक्तालाही त्यातील धोका दिसला नाही, हे वाचताना आम्हांला वाईट वाटते आणि सावधही व्हावेसे वाटते.

मे महिन्यात दुसरा चार्ल्स लंडनमध्ये आला. मिल्टन लपून राहिला. ऑगस्टमध्ये त्याचे ग्रंथ फाशी देणाऱ्याच्या हातून जाळण्याचा हुकूम निघाला. पुढे त्याला पकडले. पण अँड्र्यू मार्व्हेल या कविमित्राने पार्लमेंटात रदबदली केली आणि डिसेंबरात तो सुटला. क्रॉमवेलचे प्रेत मात्र उकरून टांगण्यात आले.

पराभवानंतर

आता तो आंधळा, पडलेला व गरिबीकडे झुकलेला माणूस होता. तो तोंडाने सांगे, इतर लिहून घेत. अशा रीतीने ‘पॅरडाइज लॉस्ट’ पुरे झाले व १६६७ मध्ये छापले गेले. आरंभी त्याच्या हाती पाच पौंड पडले. तेही पुस्तक परवाना देणाऱ्या तपासनिसापुढे गेले आणि काही ओळींवर आक्षेप आला, असे त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे.

हे काव्य या चरित्राच्या प्रकाशात पुन्हा वाचावे, अशी शिक्षकबंधूंना आमची विनंती आहे. सैतान आपल्या साथीदारांना स्वातंत्र्याच्या नावाने उठवितो, आणि उठाव फसल्यावर स्वतःच उंच सिंहासनावर बसतो. नरकात मोठी सभा भरते. एकामागून एक भाषणे होतात. पण शेवटी जो ठराव मान्य होतो तो सैतानाने आधीच ठरवून दुसऱ्याच्या तोंडून मांडविलेला असतो. वादविवादाचा देखावा पुरा आणि निर्णय आधीच झालेला! अशा सभा मिल्टनने राज्यकारभारात जवळून पाहिल्या असतील, असे वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच काव्यात अब्दिएल नावाचा देवदूत आहे. तो सैतानाच्याच सैन्यातला. सर्वजण बंडाला माना डोलावीत असताना तो एकटा उभा राहतो, हे चूक आहे असे तोंडावर सांगतो आणि त्यांच्यातून निघून जातो. राजाच्या जुलमाविरुद्ध मिल्टन असाच उभा राहिला होता. स्वकीयांच्या राज्यात त्याला ते पुरतेपणी साधले नाही. आपल्याला जे करता आले नाही ते त्याने त्या देवदूताकडून करविले, असे आम्हांला वाटते.

नोव्हेंबर १६७४ मध्ये तो वारला. लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये वडिलांशेजारी त्याला पुरले आहे. १६९५ मध्ये पुस्तकांच्या परवान्याचा कायदा संपला. तो पुन्हा अमलात आला नाही.

आम्ही काय घ्यावे?

सरकार कोणत्या नावाने राज्य करते, त्याचे पुढारी किती प्रार्थना करतात, त्यांनी पूर्वी किती सोसले, यावरून ते जुलमी होत आहे की नाही हे कळत नाही. विरोध करणारा मोकळा आहे काय? पंचांनी निर्दोष ठरविलेला माणूस घरी जातो काय? लोकांना पुन्हा विचारण्याचा दिवस पुढे पुढे ढकलला जात आहे काय? सभेत बोलणे होण्यापूर्वीच ठराव लिहून तयार असतो काय? हे प्रश्न क्रॉमवेलच्या सरकारला विचारावे लागले. ते कोणत्याही देशाला, आणि मंडळीच्या पंचसभेलाही, विचारता येतील.

आणि एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. परक्याच्या अन्यायावर मी जितक्या मोठ्याने बोलतो, तितक्याच मोठ्याने आपल्या माणसांच्या अन्यायावर बोलतो काय? मिल्टनसारख्या माणसाची दृष्टीही, डोळे जाण्याच्या आधीच, येथे अधू झाली होती. आपण अधिक सावध असलो पाहिजे. आपल्या मुलांना अब्दिएलाची गोष्ट अवश्य सांगावी. आणि ती सांगताना, तो शत्रूच्या नव्हे तर आपल्याच सोबत्यांच्या सभेत उभा राहिला होता, हे सांगण्यास विसरू नये.